आधी तांब्या तांब्यासारखा दिसू द्या

वाचकांचे प्रश्न : वापरातील वस्तूंची अतिवास्तव स्थिरचित्रे

नेहमीच्या वापरातील वस्तू घेऊन तैलरंगात अतिवास्तव स्थिरचित्रे (म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तू स्वप्नातल्यासारख्या अशक्य रीतीने दाखवणारी चित्रे) काढणाऱ्या वाचकांनी आपल्या अडचणी कळवाव्यात, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, परंतु इतर अनेक पत्रांतील शंकांचे मूळही तेथेच असल्यामुळे ते आवरते घेतले नाही.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकला परीक्षा दिल्या होत्या. इंटरमिजिएटच्या स्थिरचित्रासाठी मांडलेला तांब्या, पेला, दोन वांगी आणि मागे सोडलेले चुण्यांचे कापड अजून डोळ्यांसमोर आहे. दोन वर्षांपासून तैलरंगात काम करतो. नुकतेच २४ बाय ३६ इंचांचे एक अतिवास्तव चित्र पूर्ण केले. त्यात समुद्रावर अधांतरी असलेला पितळी तांब्या, त्यातून उडणारे मासे, वितळलेले घड्याळ, वर दोन चंद्र आणि ढगांमध्ये एक डोळा आहे. घरच्यांना ते आवडले, मात्र चित्रकार असलेल्या एका स्नेह्यांनी 'कॅलेंडरसारखे झाले आहे' एवढेच म्हटले. यात काय कमी आहे? छायाचित्र सोबत जोडले आहे. (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण पाठवलेले छायाचित्र मोठे करून बराच वेळ पाहिले. आपल्या स्नेह्यांचा शेरा थोडा कठोर असला तरी तो टाकून देण्यासारखा नाही. चित्रात उणे काहीच नाही, उलट फार दाटी झाली आहे. ज्या आकाशात दोन चंद्र आहेत आणि ढगांतून डोळा पाहतो आहे, तेथे तांब्या तरंगला काय किंवा बुडाला काय, पाहणाऱ्याला त्याचे विशेष वाटत नाही, कारण या जगात काहीही घडू शकते हे त्याने पहिल्याच क्षणी मान्य करून टाकलेले असते. थाप पचवायची असेल तर तिच्या आजूबाजूचे सगळे खरे सांगावे लागते, हे गावाकडे भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या म्हाताऱ्यांना पक्के ठाऊक असते. विहीर कोणाच्या मळ्यातली, वाट कुठून वळते, बैल कोणत्या रंगाचे, कंदिलाची काच कुठे तडकलेली, हे सगळे ते नेमके सांगतात आणि मग एकच गोष्ट खोटी सांगतात. अतिवास्तव स्थिरचित्राचे कामही याच रीतीने चालते.

बेल्जियमचे चित्रकार रेने माग्रित (१८९८–१९६७) यांनी १९५२ मध्ये काढलेले एक चित्र सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. 'वैयक्तिक मूल्ये' असे त्याचे नाव मराठीत करता येईल. चित्रात झोपण्याची एक साधी खोली आहे. पलंग आहे, आरशाचे कपाट आहे, जमिनीवर गालिचे अंथरले आहेत. पलंगावर भिंतीला टेकून उभा केलेला कंगवा पलंगाहून उंच आहे, कपाटावर दाढीचा ब्रश आडवा पडला आहे, खोलीच्या मध्यभागी काचेचा भलामोठा पेला उभा आहे, आणि खाली काडेपेटीतील एक काडी व साबणाची वडी आहे. भिंतींच्या जागी पांढऱ्या ढगांचे निळे आकाश आहे. आता मोजून पाहावे : यात आपल्या न्हाणीघराच्या फळीवर सापडणार नाही अशी एकही वस्तू नाही. बदल केलेले आहेत ते फक्त दोन, वस्तूंचे आकारमान आणि भिंतींचे आकाश. कंगव्याचे दात, पेल्याच्या काचेची जाडी, काडीचे लाकूड, हे सारे एखाद्या प्रामाणिक कलाशिक्षकाने फळ्याशेजारी मांडणी ठेवून काढावे तसे काढलेले आहे. तरीही माग्रित यांची चित्रे न्यू यॉर्कमध्ये विकणारे अलेक्झांडर आयोलास यांना हे चित्र पाहून मळमळल्यासारखे झाले आणि तसे त्यांनी माग्रित यांना पत्राने कळवलेही. कंगवा पाहून माणसाला मळमळावे, याहून मोठी पावती या प्रकारच्या चित्राला मिळणे कठीण आहे.

आता आपल्या तांब्याकडे वळतो. घाटदार गळा, किंचित बाहेर वळलेला काठ, चिंचेने घासल्यावर पितळेला येणारी गुलाबीसर झाक, हे सगळे आपल्याला उत्तम साधले आहे आणि त्यामागे इंटरमिजिएटचा सराव असावा असे वाटते. परंतु या तांब्याच्या पोटावर, डाव्या बाजूला, एक जागा अशी आहे की तिच्यामुळेच हे उत्तर लांबवण्याचा मोह झाला. तेथे चार तावदानांची एक वाकलेली खिडकी उमटली आहे, तिचे गजही दिसतात. म्हणजे आपण तांब्या घरी खिडकीशेजारी ठेवून रंगवला आणि समुद्र मात्र मनाने काढला. घासलेले पितळ हा एक फुगीर आरसाच असतो आणि आजूबाजूला जे असेल ते तो गोळा करून, वाकवून, आपल्या पोटात घेतो. खरोखरीच समुद्रावर असलेल्या तांब्याच्या खालच्या अर्ध्या भागात पाण्याचा निळा-हिरवा रंग आणि वरच्या अर्ध्या भागात आकाश यायला हवे होते. त्याऐवजी, चहूकडे पाणीच पाणी असताना, या तांब्याला अजून घरची खिडकी दिसते आहे.

आपल्या चित्रातील सर्वांत विलक्षण जागा हीच आहे आणि ती आपल्याकडून नकळत झाली आहे. तिच्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही, कारण मासे, चंद्र आणि डोळा यांनी सगळे लक्ष ओढून घेतले आहे. आमची सूचना अशी की हेच चित्र पुन्हा एकदा लहान कॅनव्हासवर काढावे. मासे, चंद्र, डोळा आणि घड्याळ यांपैकी काहीही घेऊ नये. (वितळलेले घड्याळ तर एका स्पॅनिश चित्रकाराने इतके आपलेसे करून ठेवले आहे की ते कोणीही काढले तरी उसनेच वाटते.) शांत समुद्र, त्यावर पितळी तांब्या आणि तांब्याच्या पोटात खिडकी, एवढेच राहू द्यावे. खिडकी मात्र या वेळी समजून उमजून, गजांच्या संख्येसकट नेमकी काढावी.

एक तांत्रिक बाब येथेच सांगतो. आपला तांब्या तरंगत असल्याचे आपल्या पत्रामुळे कळले, चित्रावरून तो समुद्राच्या पडद्यासमोर चिकटवल्यासारखा वाटतो. वस्तू टेकलेली आहे की उचललेली, हे वस्तूकडे पाहून कळत नाही, तिच्या सावलीकडे पाहून कळते. बुडाला सावली चिकटलेली असली की वस्तू टेकलेली दिसते, आणि सावली बुडापासून सुटून खाली गेली की तीच वस्तू वर उचललेली दिसते. जितकी वस्तू वर, तितकी सावलीची कड मऊ आणि विरळ. टेबलावर तांब्या ठेवून त्याची सावली थोडी खाली सरकवून काढली, तर दुसरे काहीही न करता तांब्या चार बोटे वर उचलला जातो. हा प्रयोग आधी कागदावर कोळशाने करून पाहावा आणि मगच समुद्राच्या वाटेला जावे. पाण्यावर सावली आणि प्रतिबिंब दोन्ही येतात आणि तेथे भलेभले गोंधळतात.

आपण 'घरात वेगळी खोली नाही, जेवणाच्या टेबलावर काम करतो' असेही लिहिले आहे. माग्रित १९३० ते १९५४ या काळात ब्रसेल्सच्या जेट या उपनगरात एका घराच्या तळमजल्यावर राहत होते आणि तेथे ते जेवणाच्या छोट्या खोलीतच ईझल (चित्र उभे ठेवण्याची घोडी) लावून काम करीत. त्या घराची खिडकी आणि शेकोटी त्यांच्या चित्रांत आलेली आहे. ते घर आता संग्रहालय म्हणून पाहता येते. तेव्हा टेबल आवरण्यावरून घरात होणाऱ्या कुरबुरीला मोठी परंपरा आहे, असे घरच्यांना सांगायला हरकत नाही.

प्रश्न : माझ्या बारा वर्षांच्या नातवाने मोबाइलवर एक चित्र दाखवले. त्यात तंबाखू ओढण्याचा पाइप काढला आहे आणि खाली फ्रेंचमध्ये 'हा पाइप नाही' असे लिहिले आहे म्हणे. पाइप काढून पाइप नाही म्हणायचे, ही थट्टा आहे की वेडेपणा? (एक आजी, पुणे)

उत्तर : हे चित्रही माग्रित यांचेच, १९२९ सालचे, आणि ते आता लॉस एंजेलिसच्या काउंटी कला संग्रहालयात आहे. नातवाच्या बालवाडीत भिंतीवर 'अ अननसाचा' असा तक्ता असेल. त्या तक्त्यातल्या अननसाला वास नसतो, काटे टोचत नाहीत आणि तो कापून वाटता येत नाही, तरी आपण मुलाला बोट दाखवून बिनदिक्कत सांगतो, 'हा अननस.' माग्रित यांनी असाच एक तक्ता काढला, खाली शाळकरी वळणाचे सुबक अक्षर घातले आणि फक्त वाक्य खरे लिहिले. ज्यात तंबाखू भरता येत नाही तो पाइप कसला? तो कॅनव्हासवर लावलेला तपकिरी रंग आहे. थट्टा आहे, पण ती आपल्या तक्त्यांची आहे.

प्रश्न : मी कलामहाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. आमचे सर म्हणतात, अतिवास्तव चित्र काढायचे असले तरी वस्तू समोर मांडूनच काढा. मला वाटते की स्वप्नातील गोष्टींची मांडणी कुठून आणणार? शिवाय अतिवास्तववाद म्हणजे मनात येईल ते न अडवता उतरवणे, असे वाचले आहे. (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : तुम्ही वाचलेले बरोबर आहे आणि तुमच्या सरांचेही बरोबर आहे, कारण या चळवळीत दोन वेगळ्या वाटा होत्या. फ्रेंच लेखक आंद्रे ब्रेताँ यांनी १९२४ मध्ये पॅरिसमध्ये अतिवास्तववादाचा जो जाहीरनामा काढला, त्यात विचाराचा लगाम सोडून हाताला मोकळे चालू देण्यावर भर होता. या वाटेने गेलेल्यांच्या चित्रांत रेघा आणि डाग अधिक आहेत, ओळखू येणाऱ्या वस्तू कमी आहेत. दुसरी वाट वस्तूंची. ती जाहीरनाम्याच्याही आधी सुरू झालेली होती. जॉर्जो दे किरिको या इटालियन चित्रकाराने १९१४ मध्ये एका भिंतीवर अपोलोच्या पुतळ्याचे प्लास्टरचे मस्तक, त्याच्याशेजारी खिळ्याला टांगलेला रबरी हातमोजा आणि खाली हिरवा चेंडू, असे चित्र काढले. पुढे काही वर्षांनी त्याची छापील प्रत पाहून माग्रित यांच्या डोळ्यांत पाणी आले. तोवर ते वॉलपेपरच्या कारखान्यात नमुने काढण्याची नोकरी करत होते आणि आपली वाट शोधत होते. रबरी हातमोजा पाहून रडू यावे हे ऐकायला विचित्र वाटते, परंतु कोणती वस्तू कोणाशेजारी ठेवावी हाच एक विषय होऊ शकतो, हे त्यांना त्या क्षणी उमगले.

स्थिरचित्र या दुसऱ्या वाटेवरचे आहे आणि म्हणून त्यात मांडणी समोर हवी. स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दाली यांचे वितळणाऱ्या घड्याळांचे १९३१ मधील चित्र घ्या. घड्याळे सोडली तर मागचे खडक त्यांच्या स्वतःच्या प्रांतातील, काटालोनियाच्या किनाऱ्यावरचे, रोजच्या पाहण्यातले आहेत, आणि मऊ घड्याळांची कल्पना उन्हात पाघळलेले चीज पाहून सुचली असे ते स्वतः सांगत. ते चित्र २४ बाय ३३ सेंटिमीटरचे, म्हणजे झेरॉक्सच्या साध्या कागदाहून जेमतेम मोठे आहे. वर्गात मोठमोठे कॅनव्हास ताणणाऱ्या विद्यार्थ्यांना हा आकडा सांगितला की खरे वाटत नाही.

स्वप्नाची मांडणी कुठून आणायची, या प्रश्नाचे उत्तर याहून जुन्या एका चित्रात आहे. स्पेनचे हुआन सांचेस कोतान यांनी १६०२ च्या सुमारास काढलेले एक स्थिरचित्र अमेरिकेत सॅन दिएगोच्या कला संग्रहालयात आहे. दगडी खिडकीच्या चौकटीत एक बिही (पेरूसारखे दिसणारे पिवळे फळ) आणि एक कोबी दोऱ्यांनी टांगलेली आहे, खाली कडेला कापलेला खरबूज आणि काकडी आहे, आणि मागे गडद काळोख आहे. यात अशक्य असे काहीच नाही. मुंग्या आणि उंदीर लागू नयेत म्हणून आपल्याकडे दूधदुभते शिंक्यात टांगत, तशी तिकडे भाजी टांगत असत. तरी तो कोबी पाहताना एखादा ग्रह पाहतो आहोत असे वाटते. अतिवास्तववादाचा शब्दही जन्मला नव्हता तेव्हाचे हे चित्र आहे. तेव्हा घरात एक दोरी घ्या, कांदा टांगा, मागे काळी चादर लावा, उजेड एकाच बाजूने येऊ द्या आणि तासभर फक्त पाहा. पुढे काय बदलायचे ते त्या तासात सुचेल. सुचले नाही, तर कांदा काढून लिंबू टांगा. वांगी मात्र शक्यतो घेऊ नयेत. तैलचित्राला दिवस लागतात आणि वांग्याची चमक दुसऱ्याच दिवशी उतरते. आमचे एक चित्र केवळ वांग्यांमुळे अर्धवट राहिले आहे, हा अनुभवाचा बोल समजावा.

प्रश्न : या विषयावर परदेशी नावेच कानावर पडतात. आपल्याकडे, विशेषतः मराठी चित्रकारांमध्ये, कोणी असे काम केले आहे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : पहिले नाव प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचेच घ्यावे लागेल, जरी त्यांच्यावर अतिवास्तववादी असा शिक्का मारणे आम्हाला रुचत नाही. अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले बरवे मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात शिकले, साठच्या दशकात काही वर्षे बनारसच्या विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते आणि तेथे तंत्रमार्गातील प्रतीकांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. पुढे मुंबईत परतल्यावर त्या प्रतीकांची जागा हळूहळू साध्या वस्तूंनी घेतली. घड्याळ, झाडाचे पान, सेफ्टी पिन, फळ, अशा वस्तू त्यांच्या कॅनव्हासवर येऊ लागल्या.

माग्रित यांच्या चित्रांत खोली असते, जमीन असते आणि वस्तूला वजन असते. १९३८ च्या एका चित्रात शेकोटीतून आगगाडीचे इंजिन बाहेर येते, पण त्याचा धूर मात्र नियमाने शेकोटीच्याच धुराड्यात वर जातो, इतकी ती शिस्त कडक आहे. बरव्यांनी वस्तूखालचे टेबलच काढून घेतले. त्यांच्या चित्रात वस्तू एका मोकळ्या, जवळजवळ सपाट अवकाशात येते. तिची बाह्यरेषा, तिची सावली आणि ती स्वतः यांची फारकत झालेली असते, आणि एका वस्तूची रेषा पुढे जाऊन दुसरीच वस्तू होऊन बसते. आपल्याला दचकवण्याची घाई त्यांना नसते. वस्तूंनी एकमेकींशी काही बोलणे चालवले आहे आणि आपण दाराआडून ऐकतो आहोत, असे त्यांच्या चित्रांसमोर उभे राहिल्यावर वाटते.

येथे विषय तैलरंगांचा आहे म्हणून एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे. बरव्यांनी आपली अनेक महत्त्वाची चित्रे एनॅमल रंगात केली आहेत, म्हणजे दारे-खिडक्यांना लावतात त्या जातीच्या रंगात. तो रंग आपोआप सपाट पसरतो, त्यात कुंचल्याची खूण राहत नाही, आणि त्यांना हवा असलेला निर्विकार पृष्ठभाग त्यातून मिळतो. तैलरंगातील मऊ छटा त्यांच्या हेतूच्या आड आल्या असत्या, असा आमचा तर्क आहे. त्यांनी स्वतः आपल्या निर्मितीप्रक्रियेविषयी मराठीत लिहिलेले 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. चित्रकाराने वस्तूकडे पाहण्याविषयी इतके स्वच्छ मराठी फार थोडे लिहिले गेले आहे. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले होते.

तैलरंगातच पाहायचे असेल तर कोलकात्याचे बिकाश भट्टाचारजी (१९४०–२००६) यांची सत्तरच्या दशकाच्या आरंभीची बाहुल्यांची चित्रे पाहावीत. मुलींच्या खेळण्यातली बाहुली आहे तशीच काढलेली असते, आणि ती जेथे असू नये तेथे असते. वस्तू एकच आणि बदल एकच, हे सांगलीच्या वाचकांना वर सांगितलेच आहे.

प्रश्न : मी कोकणात राहते. पावसाळ्यात तैलरंग आठ-आठ दिवस वाळत नाहीत. मागच्या वर्षी पांढऱ्या कपबशीचे एक चित्र पूर्ण करून कपाटात ठेवले, ते दिवाळीत काढले तेव्हा पांढरा रंग पिवळट झाला होता आणि कॅनव्हासच्या मागे बुरशी धरली होती. गुळगुळीत, कुंचल्याचा माग न दिसणारे काम करायचे असल्याने मी पातळ थर देते. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : जलरंग पाणी उडून गेल्यामुळे वाळतो, तसा तैलरंग वाळत नाही. त्यातील जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन घेते आणि हळूहळू घट्ट होते. त्यामुळे कोंदट खोलीत चित्र मिटून ठेवणे त्याला सर्वांत वाईट. ते उजेडात आणि खेळत्या हवेत हवे. रंगांचा स्वभावही वेगवेगळा असतो. बर्न्ट अंबर आणि रॉ अंबर हे तपकिरी रंग त्यांतील मँगनीजमुळे लवकर वाळतात, तर आयव्हरी ब्लॅक आणि टायटॅनियम व्हाइट रेंगाळतात. पावसाळ्यात खालचा संपूर्ण आराखडा, छायाप्रकाशासह, अंबरमध्ये टर्पेंटाइन घालून पातळ करून घ्यावा. तो दोन-तीन दिवसांत हाताला कोरडा लागतो. वरच्या प्रत्येक थरात तेलाचे प्रमाण थोडे वाढते ठेवावे. याच्या उलट केले, म्हणजे खाली तेलकट आणि वर कोरडा थर दिला, तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि कपबशीला खऱ्या कपबशीसारखे तडे जातात.

पिवळेपणा अंधारामुळे आला आहे. जवसाचे तेल अंधारात अधिक पिवळे पडते आणि चित्र काही आठवडे चांगल्या उजेडात, थेट ऊन टाळून, ठेवले की तो पिवळेपणा बराचसा उतरतो, तेव्हा लगेच वरून पांढरा फासू नये. करडईच्या तेलात घोटलेला पांढरा रंग कमी पिवळा पडतो आणि तो नळीत मिळतो, मात्र तो सावकाश वाळतो म्हणून वरच्या थरालाच वापरावा. स्वयंपाकघरातील बाटलीतले करडईचे तेल घालण्याची कल्पना एका वाचकाने पूर्वी विचारली होती, ती करू नये, आणि शेंगदाण्याचे तेल तर कधीच वाळणार नाही.

बुरशी कोरड्या मऊ ब्रशने, घराबाहेर, नाकाला रुमाल बांधून झाडावी. ओले फडके लावू नये. चित्र भिंतीवर लावताना चौकटीच्या मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले की भिंत आणि कॅनव्हास यांत हवा खेळते. प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवणे म्हणजे बुरशीला घर बांधून देणे आहे. वॉर्निश किमान सहा महिने, शक्य तर वर्षभर थांबूनच द्यावे.

आपण पत्रात ओघाने लिहिले आहे की तेल पुसलेल्या चिंध्या आपण एका पिशवीत कोंबून माळ्यावर ठेवता. हे आजच्या आज बंद करावे. जवसाचे तेल घट्ट होताना उष्णता सोडते, आणि चिंध्यांच्या बोळ्यात ती कोंडून राहिली की काडी न लावताही पेट घेतला जातो. चिंध्या एकेक पसरून बाहेर वाळवाव्यात किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

प्रश्न : अतिवास्तव स्थिरचित्राला नाव कसे द्यावे? मी माझ्या चित्राला 'काळाच्या गर्भातील वेदना' असे नाव दिले आहे. चित्रात अडकित्ता आणि अंडे आहे. (एक वाचक, पणजी)

उत्तर : अडकित्त्याच्या दोन पात्यांमध्ये अंडे ठेवल्यावर पाहणाऱ्याच्या छातीत जे धस्स होते, ते आपल्या नावाने कमी होते, कारण नाव वाचल्यावर तो अंडे सोडून काळाचा विचार करू लागतो. माग्रित आपल्या अनेक चित्रांना मित्रांकडून नावे सुचवून घेत, आणि ती नावे चित्राचा अर्थ सांगत नसत. आपण मित्रांना विचारावे, किंवा नुसते 'अडकित्ता' म्हणावे. अंडे लोकांना दिसतेच. जे काही ठरेल ते, सालासह, कॅनव्हासच्या मागच्या लाकडी चौकटीवर पेन्सिलीने लिहून ठेवावे. थेट कॅनव्हासच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नये, दाबामुळे ते अक्षर काही वर्षांनी पुढच्या बाजूने, बहुतेक वेळा नेमके अंड्यावरच, उमटते.